बिनमालकाची जाहिरात

फोन लावायला गेलं की आधी जाहिरात येते. नंबर शोधून हिरवं बटण दाबेपर्यंत रंगीत गोळ्या फोडायचा खेळ अख्खा स्क्रीन व्यापतो. बंद करायची फुली पाच सेकंदांनी उगवते, तीही इतकी बारीक की बोट हमखास शेजारी पडतं आणि प्ले स्टोअर उघडतं. कराडमधल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ही तक्रार नवी नाही. काउंटरवर टेम्पर्ड ग्लास आणि कव्हरं यांच्या खालोखाल याच कामाची गिऱ्हाइकं. त्या दिवशी आले होते एका दूध संस्थेचे सचिव, गावात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांची मागणी सरळ होती : "सॉफ्टवेअर मारून द्या."

दुकान मामांचं. पुण्याहून सुट्टीला आलेली भाची आत खुर्चीत बसली होती. तिची नोकरी छोट्या कंपन्यांच्या गेममध्ये जाहिराती बसवून देण्याची. मामांना आयती संधीच मिळाली. "आप्पा, सॉफ्टवेअर कशाला मारताय? ज्यांनी ही घाण पाठवली त्यांची माणूस इथंच बसलीय. विचारा हिला."

"मामा, आमच्या जाहिराती गेमच्या आत असतात," भाची म्हणाली. "गेम बंद केला की जाहिरात बंद. ही कुठून येतेय ते तरी बघू द्या."

जाहिरात पुन्हा आली तेव्हा तिने ती घालवण्याची घाई केली नाही. तिने खालचं चौकोनी बटण दाबलं. नुकत्याच उघडलेल्या ॲपची रांग समोर आली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर ॲपचं चिन्ह असतं, त्यावरून जाहिरात कोणाच्या नावावर आली हे बहुतेक वेळा कळतं. या फोनमध्ये चिन्हाच्या जागी कोरा पांढरा चौकोन होता आणि नावाची जागा रिकामी. मग तिने फोन सेफ मोडमध्ये नेला. बहुतेक अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण दाबून धरलं आणि 'पॉवर ऑफ' दिसल्यावर त्यावर बोट तसंच ठेवलं की फोन सेफ मोडबद्दल विचारतो. त्या अवस्थेत फोनबरोबर आलेलं तेवढंच चालतं, बाहेरून टाकलेली ॲप झोपून राहतात. आप्पांनी संस्थेत फोन लावला. जाहिरात न येता लागला.

म्हणजे दोष टाकलेल्या कुठल्यातरी ॲपचा होता. सॉफ्टवेअर मारायची, म्हणजे सगळा फोन पुसून कोरा करायची, गरज नव्हती.

सेटिंगमध्ये 'इतर ॲपवर दाखवा' अशी एक परवानगी असते. ती ज्याला मिळते ते ॲप दुसऱ्या कोणत्याही पडद्यावर चढून बसू शकतं. भाचीने ती यादी उघडली. यादीत एक टॉर्च होता. फोनला स्वतःचा टॉर्च असताना वेगळा टॉर्च, आणि त्याला फोन लावायच्या पडद्यावर चढायची मुभा. "आप्पा, ही तुम्ही दिलीत. 'अलाऊ' दाबलंत."

भाचीचा मुद्दा इथून सुरू झाला आणि तो बराच वेळ टिकला. फुकटचं ॲप फुकट नसतं, असं तिचं म्हणणं. सांगलीचा एखादा मुलगा घरी बसून मराठी शब्दकोडं बनवतो आणि लोक ते पैसे न देता खेळतात. त्याचं वीजबिल जाहिरातीतून निघतं. पहिली बॅनर जाहिरात १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये 'हॉटवायर्ड' या अमेरिकी संकेतस्थळावर झळकली, तेव्हापासून इंटरनेटचा संसार असाच चाललाय. जाहिरात हा मोबदला आहे आणि तो वाचक, खेळाडू, प्रेक्षक आपल्या वेळातून देतो. राहिला प्रश्न परवानगीचा. टॉर्च पडद्यावर चढायची, संपर्कयादी वाचायची परवानगी मागतो तेव्हा फोन आपल्याला विचारतो, आणि 'नाही' म्हणायचं बटण शेजारीच असतं.

मामांना हे मान्य नव्हतं. "बटण शेजारी असतं, पण 'नाही' म्हटलं तर टॉर्च चालतच नाही. आणि आप्पांनी वाचून काय वाचायचं? इंग्रजीत चार ओळी, खाली 'अलाऊ'." मग त्यांनी गावाकडच्या भिंतींचं उदाहरण दिलं. रस्त्याकडेच्या घरावर सिमेंटची, खताची जाहिरात रंगवतात, पण रंगारी आधी घरमालकाला विचारतो, कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात लिहितो आणि दारावर रंग लावत नाही. "ही तुझी जाहिरात दारावर लावलीय. आणि कोणी लावली ते लिहिलेलं नाही."

भाचीला ही उपमा आवडली, कारण तिच्या मते कायदा आणि कंपन्या दोघंही हेच म्हणतात. फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने जवळजवळ ६०० ॲप प्ले स्टोअरवरून काढली आणि त्यांना आपल्या जाहिरातजाळ्यातूनही हाकललं. त्या वेळी कंपनीने दिलेलं उदाहरण आप्पांच्याच फोनचं वाटावं असं होतं : माणूस फोन लावायला किंवा कुलूप उघडायला जातो आणि ॲप उघडलेलं नसतानाही पूर्ण पडदाभर जाहिरात येते. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या अँड्रॉइड १० मध्ये मागे लपून चालणाऱ्या ॲपला आपणहून पडदा उघडण्यावर बंधनं आली. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून नव्या ॲपला सूचना पाठवण्याआधी विचारावं लागतं. "म्हणजे जाहिरात आणि ॲडवेअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सांगून येते."

"बरं," मामा म्हणाले, "मग बारकोडवाल्याचं काय?"

दुकानदारांच्या धंद्यात ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे. 'बारकोड स्कॅनर' नावाचं एक साधं ॲप प्ले स्टोअरवर वर्षानुवर्षं होतं. एक कोटीहून अधिक वेळा ते उतरवलं गेलं आणि कोणाची तक्रार नव्हती. २०२० च्या डिसेंबरमध्ये त्याचा एक अपडेट आला आणि लोकांच्या फोनमध्ये ब्राउझर आपोआप उघडून जाहिराती दाखवू लागला. मालवेअरबाइट्स या सुरक्षा कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याचा माग काढून सांगितलं, तेव्हा ते स्टोअरवरून हटलं. पण स्टोअरवरून हटलं म्हणजे फोनमधून हटलं असं नव्हे, ज्याच्याकडे ते होतं त्याला ते स्वतःच्या हाताने काढावं लागणार होतं. "त्या माणसांनी काय चूक केली? नवं काही टाकलं नाही, परवानगी नवी दिली नाही. विश्वासातलं ॲप होतं. रात्री वायफायवर अपडेट झालं, संपलं."

भाची यावर थोडी थांबली. हे उदाहरण तिच्या बाजूचं नव्हतं. दुसरं उदाहरण तिनेच काढलं, तेही फारसं तिच्या बाजूचं नव्हतं, पण तिला ते प्रामाणिकपणे मांडायचं होतं.

जुलै २०१९ मध्ये चेक पॉइंट या इस्रायली कंपनीने 'एजंट स्मिथ' नावाच्या ॲडवेअरचा अहवाल प्रसिद्ध केला. 'मॅट्रिक्स' चित्रपटातल्या, इतरांच्या शरीरात शिरणाऱ्या खलनायकाचं नाव त्याला दिलं होतं, कारण ते काम तेच करत होतं. गूगलशी संबंधित ॲपचं सोंग घेऊन ते फोनमध्ये बसायचं, अँड्रॉइडमधल्या जुन्या, माहीत असलेल्या भेगांतून शिरायचं आणि तिथली खरी ॲप काढून त्यांच्या जागी जाहिराती दाखवणाऱ्या नकला ठेवायचं. व्हॉट्सॲपसारखी ॲपही त्यातून सुटली नाहीत. वापरणाऱ्याला रोजचंच ॲप दिसायचं, फक्त त्यात जाहिराती यायच्या. जगभरातल्या सुमारे अडीच कोटी फोनमध्ये ते शिरलं होतं आणि त्यातले दीड कोटी भारतातले होते. ते पसरलं 'नाइन ॲप्स' या प्ले स्टोअरबाहेरच्या दुकानातून. "तेच तर सांगतेय," भाची म्हणाली. "बाहेरचं टाकू नका. ॲपची सुटी फाइल, एपीके, टाकू नका."

"अगं पण भारतातच दीड कोटी का?" मामांचा प्रश्न बरोबर होता आणि उत्तरही त्यांच्याकडेच होतं. सात-आठ हजारांचा फोन घेणारा माणूस तो तीन-चार वर्षं वापरतो. त्या फोनला सुरक्षेचे अपडेट लवकर थांबतात, भेगा उघड्याच राहतात. मेमरी कमी, म्हणून फोन हळू चालतो, म्हणून माणूस 'फास्ट' करणारं काहीतरी शोधत फिरतो. स्वस्त फोनची किंमतच जाहिरातीवर तोललेली असते. शाओमीने एप्रिल २०१८ मध्ये जाहीर केलं होतं की हार्डवेअरवरचा निव्वळ नफा पाच टक्क्यांपुढे जाऊ द्यायचा नाही. उरलेली कमाई इंटरनेट सेवांतून, त्यात जाहिराती आल्याच, आणि कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्येही त्या दिसतात. सेटिंगमध्ये शिरून एकेक बंद करता येतात, पण शिरायचं कुठे ते माहीत असायला हवं. लॉक स्क्रीनवर चित्रं आणि बातम्या फिरवणारी बेंगळुरूच्या इनमोबी गटाची 'ग्लान्स' अनेक फोनमध्ये आधीच बसवलेली असते. "ज्याच्याकडे कमी पैसे, त्याच्याच फोनवर जास्त जाहिराती. मोबदला म्हणतेस, पण तो गरिबाकडून दुप्पट घेताय."

भाचीने हे खोडून काढायचा प्रयत्न केला नाही. तिचा रोख वेगळा होता : असल्या जाहिरातींत फसतो तो फक्त आप्पांसारखा माणूस नव्हे, जाहिरात देणाराही फसतो. आप्पांच्या पडद्यावर जी गोळ्या फोडायची जाहिरात आली, तिचे पैसे त्या गेमच्या कंपनीने दिले. तिने ते एका जाहिरातजाळ्याला दिले, जाळ्याने जागा विकत घेतली आणि जागा कुठली ते सांगणाऱ्याने सांगितलं की 'टॉर्च ॲपच्या आत'. खरं तर ती फोन लावायच्या पडद्यावर होती. काही ठिकाणी तर माणूसच नसतो. मार्च २०२० मध्ये चेक पॉइंटनेच 'टेक्या' नावाचा प्रकार उघडकीला आणला. प्ले स्टोअरवरच्या ५६ ॲपमध्ये तो होता, त्यातली २४ मुलांची होती, आणि तो बोट लागल्याचं नाटक करून जाहिरातींवर स्वतःच क्लिक करायचा. पैसे देणाऱ्याच्या खात्यात क्लिकची नोंद, पाहणारं कोणी नाही. "म्हणून तर आम्ही यादी तपासतो," ती म्हणाली. ॲप बनवणारा आपल्या संकेतस्थळावर एक छोटी फाइल ठेवतो आणि त्यात माझ्या ॲपमधली जागा विकायचा हक्क कोणाला ते लिहितो. २०१९ पासून हा रिवाज आहे.

"ते ठीक," मामा म्हणाले. "पण जाहिरात खऱ्या गेमची, पैसे खरे, जाळं खरं. मधला एकच माणूस खोटा. मग पैसे त्या खोट्यापर्यंत पोहोचतात कसे? तुम्ही विकत घेताना विचारत नाही, स्वस्त मिळालं की घेता. तुम्ही घ्यायचं थांबवलं तर टॉर्चवाला उद्या उपाशी."

या वादात दोघांना जोडणारं सूत्र इथेच सापडतं, आणि त्याला इतिहासही आहे. पॉप-अप जाहिरात जन्मली १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, 'ट्रायपॉड' या अमेरिकी कंपनीत. तिथले प्रोग्रामर ईथन झुकरमन यांच्यापुढे प्रश्न होता की अश्लील मजकुराच्या पानावर झळकलेली जाहिरात पाहून एक मोटार कंपनी चिडली होती. उपाय म्हणून जाहिरातीला वेगळी खिडकी दिली, म्हणजे कंपनीचं नाव त्या पानाशी जोडलं जाणार नाही. २०१४ मध्ये 'द अटलांटिक' मासिकातल्या लेखात झुकरमन यांनी त्याबद्दल माफी मागितली. जाहिरात आणि ती जिथे दिसते ती जागा यांचा संबंध तोडायचा, ही मूळ युक्ती आहे. आप्पांच्या फोनवरच्या कोऱ्या चौकोनाने तीच टोकाला नेली होती : आता जागेलाही नाव नाही, ॲपलाही नाव नाही.

मामा आता जिंकल्याच्या थाटात होते. तेवढ्यात भाचीने सगळ्या ॲपची यादी उघडली आणि कोऱ्या चौकोनाचा माग काढला. तो टॉर्च नव्हता. यादीत तळाशी, स्वतःचं चिन्ह लपवून बसलेलं एक 'क्लीनर' होतं. काढायला गेलं तर 'अनइंस्टॉल' फिकं, कारण त्याने फोनच्या प्रशासकाचा हक्क मिळवला होता. सुरक्षेच्या सेटिंगमधून आधी तो हक्क काढावा लागला, मग ते निघालं. "हे कुठून आलं आप्पा? प्ले स्टोअरवरून आलेलं दिसत नाही."

आप्पा शांतपणे म्हणाले, "फोन हळू चालत होता, म्हणून उन्हाळ्यात इथनंच टाकून घेतलं. तुमच्या पोरानं टाकलं."

गल्लोगल्लीच्या दुकानांत हे सर्रास चालतं. गाणी, गेम, क्लीनर यांच्या फाइली एका मेमरी कार्डावर साठवलेल्या असतात आणि गिऱ्हाइकाला दोन मिनिटांत भरून दिल्या जातात. त्यांचा मूळ झरा कुठला ते देणाऱ्याला ठाऊक नसतं. 'क्लीन मास्टर', 'शेअरइट', 'कॅमस्कॅनर', 'यूसी ब्राउझर' ही नावं एकेकाळी प्रत्येक फोनमध्ये होती. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी ॲपमध्ये ही चारही होती. 'कॅमस्कॅनर'च्या जाहिरातींच्या भागात ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्कीला घातक कोड सापडला होता. तेव्हा त्याची उतरवण्याची संख्या दहा कोटींच्या वर होती. 'क्लीन मास्टर' बनवणाऱ्या चीता मोबाइलची ॲप गूगलने फेब्रुवारी २०२० मध्ये काढून टाकली. फोन स्वच्छ करायचं नाव सांगून येणारी बरीच ॲप स्वतः जाहिरातीच भरतात, आणि अँड्रॉइडला बाहेरच्या झाडूची गरज नसते हे ती सांगणार नाहीत.

मामांनी पोराला हाक मारली नाही. पण मेमरी कार्डचा डबा काउंटरखाली गेला.

उरलेलं काम भाचीने पटापट उरकलं. प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्टची तपासणी चालवली. क्रोमच्या सेटिंगमध्ये सूचनांची यादी पाहिली, तिथे चार अनोळखी संकेतस्थळांना आप्पांनी कधीतरी 'अलाऊ' म्हटलं होतं, ती बंद केली. 'तुमच्या फोनमध्ये ४ व्हायरस, लगेच साफ करा' अशा सूचना तिथूनच येत होत्या. अशी भीती दाखवून खोटं औषध विकणं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ गैरप्रकारांपैकी एक म्हणून नोंदलेलं आहे. छुप्या जाहिराती आणि सतत टोचत राहणंही त्यातच येतं. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पैसे गेले असतील तर सायबर गुन्ह्यांची १९३०. मग भाचीने 'अनोळखी ॲप इंस्टॉल करा' ही परवानगी सगळ्या ॲपची काढून टाकली. औषधच हवं असेल तर सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून मोफत साधनं दिलेली आहेत. फोन पुसायचा तो शेवटचा पर्याय, आणि तोही हमखास नव्हे : 'एक्सहेल्पर' नावाचं ॲडवेअर फोन कोरा केल्यावरही परत यायचं. सिमँटेकने २०१९ मध्ये ते सुमारे ४५ हजार फोनमध्ये पाहिलं, आणि भारत त्यात आघाडीच्या देशांत होता.

मामांचा स्वतःचा उपाय मात्र वेगळा होता. अँड्रॉइड ९ पासून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतं. तिथे जाहिराती अडवणाऱ्या सेवेचं नाव टाकलं की बऱ्याचशा जाहिरातींचे पत्तेच सापडत नाहीत. यूट्यूबच्या जाहिराती तरीही येतात आणि ॲडवेअरही निघत नाही, पण पडदा बराच मोकळा होतो. हे मामा प्रत्येक गिऱ्हाइकाला करून देतात. भाचीने त्यांचा हात थांबवला. "यात सांगलीच्या त्या मुलाची जाहिरात पण जाते."

"तुम्ही तुमचं घर झाडा, मग मी काढतो."

"तोवर त्याने काय खायचं?"

आप्पांना विचारण्याचं ठरलं. ते हवामानाचं एक ॲप रोज बघतात, त्यात खाली एक पट्टी येते. ती असू द्या म्हणाले, ती फोन लावताना मध्ये येत नाही. डीएनएस नको. टॉर्च काढा. आणि पैसे किती झाले?

"क्लीनर आमच्या दुकानातनं गेलं होतं, त्याचे काही नाहीत," मामा म्हणाले. "टॉर्चचे पन्नास द्या."

आप्पांनी खिशात हात घातला आणि तसाच ठेवला. "टॉर्च तर मी प्ले स्टोअरवरनं घेतला होता," ते म्हणाले. "पन्नास त्यांच्याकडनं घ्या की."